लाभ

हर्णै बंदरावर, सोसायटीच्या माडीवर,
खाली बर्फाचा कारखाना घरघरत असताना
मी बावन्नाव्या वर्षी पायथन शिकते आहे.
शिकवते तंझीला, मुकादमांची धाकटी.
रत्नागिरीहून डिग्री घेऊन आली, नोकरी यायची आहे,
तोवर मी.
माझ्या वहीत प्रश्न आहेत. उत्तरं समासात.

दोरकुलकर दोन कसे झाले?
डिझेलच्या यादीत एकच माणूस, एकच बोट,
यंत्र म्हणतं, दोन.
तंझीला म्हणाली, एकाच्या शेपटाला मोकळी जागा चिकटली आहे.
दिसत नाही, पण आहे. झटकून टाक.
मी स्ट्रिप लिहिलं. यादी काढली.
दोरकुलकर दोनच.
"झटकलंस, मावशी, पण झटकलेलं ठेवलंस कुठे?
जुनी ओळ आहे तशीच राहते. ती तुला नवी देते.
तिला नाव दे, नाहीतर गेली."

बारा पाट्या आणि पाच पाट्या
मिळून एकशे पंचवीस कशा?
लिलावात कोणी अशी बेरीज केली असती
तर वाळूवरच गचांडी धरली असती.
पण यंत्राला ते आकडे नव्हतेच, अक्षरं होती.
शेजारी शेजारी उभी केली, झालं.
आकडा कर म्हटल्यावर मात्र
माझा देवनागरी बारा त्यानं मुकाट ओळखला,
आणि मी त्याला चहा विचारता विचारता राहिले.

बांगडा मोजला.
माझ्या डोळ्यांना तीन अक्षरं, त्याला सहा.
काना वेगळा, अनुस्वार वेगळा, सगळ्यांची हजेरी.
उलटा करून पाहिला
तर शेवटचा काना सर्वांत पुढे आला,
धरायला अक्षर नाही,
टिंबांच्या पोकळ वर्तुळाला टेकून उभा,
ओहोटीला खाडीत कलंडलेल्या होडीसारखा.
मी घाईघाईनं खोडलं.

फाईल दुसऱ्यांदा वाचली की रिकामी का?
"तू धक्क्याच्या टोकाला पोचली आहेस.
पुढे पाणीच. मागे ये, मग परत चाल."
हे समासात लिहिलं नाही. लक्षात राहिलं.

मोजणी शून्यापासून का,
यावर तिला मी सांगितलं:
बाबा दारात सुका जवळा मापायचे, तांदळाच्या बदल्यात.
पहिल्या मापाला एक म्हणत नसत. लाभ म्हणत.
लाभ, दोन, तीन, चार.
"मग एक गेला कुठे?" तंझीलानं विचारलं.
पन्नास वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता.

बंदीच्या दोन महिन्यांत, बोटी वर ओढलेल्या असताना,
मी शहाऐंशीचं बर्फाचं रजिस्टर टाइप केलं,
वाळवीनं सोडलेलं तेवढं.
मग माझा पहिला स्वतःचा प्रोग्रॅम:
बाबांचं नाव फाइंडनं शोध, सापडलं तर ओळ दाखव.

चोगले आले, पावशे आले, होडेकर आले,
अल-बद्रवाले आले, पाजपंढरीचे सगळे आले.
बाबा तेवढे नाहीत.

तंझीला बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा ठेवली.
"नाव नसलं की ते उणे एक म्हणतं,
आणि उणे एक हा त्याच्या लेखी होकार.
नाव असलं की जागा सांगतं.
यांचं नाव ओळीच्या अगदी सुरुवातीला आहे, मावशी.
जागा शून्य.
आणि शून्याला तू नाही म्हणायला लावलंस."

लाभ, मी म्हटलं.
ती काही बोलली नाही.

एक शब्द बदलला. ओळ आली:
दत्ताराम बाळा पावसकर, तांडेल, लक्ष्मीकेशव,
बर्फ चार लाद्या, बाकी साडेतीन.

साडेतीन, अक्षरांत.
त्याचा आकडा कसा करायचा?
वहीत लिहून ठेवलं आहे,
उद्या तंझीलाला विचारायचं.